जुन्या वसाहतीत घर घेताना

मुंबईत घर शोधणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबापुढे आज मोजक्याच वाटा उरल्या आहेत. बदलापूर, विरार किंवा पनवेलच्या पलीकडे नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घ्यायचा, नाहीतर शहराच्या आतच छोटी जागा बघायची. चेंबूरचं टिळकनगर, घाटकोपरचं पंतनगर, विक्रोळीचं कन्नमवार नगर, पार्ल्याची पूर्व बाजू, मुलुंड, गोरेगाव. इथे साठेक वर्षांपूर्वी बांधलेल्या तीन-चार मजली इमारती अजून उभ्या आहेत. दुसऱ्या वाटेने गेलं की एजंट जिन्यातच सांगतो, ‘बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार आहे, आत्ताच घेऊन टाका.’ हे वाक्य इतकं रुळलंय की जुन्या उपनगरातलं घर ही राहायची जागा आहे, हा विचारच मागे पडला. लोक उद्याच्या टॉवरमधला वाटा घेतात आणि त्याचे पैसे आजच मोजतात.

मला हे धोक्याचं वाटतं. जुन्या वसाहतीत घर जरूर घ्यावं, पण ते आहे तसं पुढची दहा वर्षं राहायला चालेल का, एवढाच प्रश्न आधी विचारावा. चालणार असेल तर पुनर्विकासातून मिळेल ते वरकड. चालणार नसेल तर आपण घर घेत नसून दुसऱ्यांच्या सह्यांवर अवलंबून असलेला एक करार घेतोय. या घरांची किंमत भिंतींत फार कमी असते. ती असते जमिनीच्या कागदांत, सभासदांच्या एकमतात आणि इमारतींमधल्या मोकळ्या जागेत.

या वसाहती का उभ्या राहिल्या, ते आधी बघायला हवं, कारण आजच्या बऱ्याच अडचणींचं मूळ तिथेच आहे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४०च्या पातळीला बांधली. तोवर पैसेवाला माणूस चाळ बांधायचा आणि भाड्यावर जगायचा. भाडं वाढेना, तेव्हा भाड्यासाठी घरं बांधण्यात कुणाला रस उरला नाही. त्याच वेळी फाळणीनंतरचे निर्वासित आले, कारखान्यांत कामाला येणाऱ्यांचा ओघ वाढला. १९४८च्या कायद्याने मुंबई गृहनिर्माण मंडळ, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘हाउसिंग बोर्ड’, स्थापन झालं. १९५२ मध्ये केंद्राची औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरांची योजना आली, १९५४ मध्ये अल्प उत्पन्न गटाची. मुंबईची हद्दही याच काळात सरकली: १९५० मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंत, १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत. वसाहतींच्या नावांवरून काळ ओळखता येतो. टिळक, सुभाष, पंत, टागोर, दादाभाई नौरोजी. मुख्यमंत्रिपदावर असताना १९६३ मध्ये निवर्तलेल्या मारोतराव कन्नमवारांचं नाव विक्रोळीच्या वसाहतीला मिळालं.

दुसरी धारा सहकारी सोसायट्यांची. गावदेवीच्या सारस्वत सोसायटीपासून, म्हणजे १९१५ पासून, मुंबईत ती परंपरा होतीच. भाड्याची घरं आटल्यावर तिला भर आला. एका कचेरीतले, एका ज्ञातीतले, एका पेशातले लोक एकत्र येऊन जमीन मिळवायचे आणि घरं बांधायचे. वांद्रे पूर्वेचं ‘साहित्य सहवास’ हे मराठी माणसाला सर्वांत ओळखीचं उदाहरण. १९६०चा सहकारी संस्था कायदा आणि बिल्डरांना आवर घालणारा १९६३चा फ्लॅट मालकी कायदा, म्हणजे ‘मोफा’, हे दोन्ही याच गरजेतून आले.

पुण्यात १२ जुलै १९६१च्या पानशेत पुरानंतर पेठांबाहेर ज्या वसाहती वाढल्या, त्यांचा काळ हाच. पण तिथे बंगल्यांचे प्लॉट बरेच आहेत आणि त्यांचं गणित वेगळं आहे. इथे मी मुंबईपुरतंच बोलतो.

बोर्डाच्या घरांत जागा तुटपुंजी होती. कामगारांसाठीची खोली दोनशे चौरस फुटांच्या आसपास: एक खोली, ओट्यापुरतं स्वयंपाकघर, मोरी, काही ठिकाणी संडास पॅसेजच्या टोकाला सामाईक. घराबाहेर मात्र बोर्डाने हात राखला नाही. लिफ्ट परवडत नसल्याने इमारती बुटक्या राहिल्या, दोन इमारतींत चांगलं अंतर राहिलं, वसाहतीच्या मध्ये मैदान, कडेला शाळा, दवाखाना, बाजार यांच्यासाठी जागा सुटल्या. तेव्हा लावलेले वर्षावृक्ष, गुलमोहर, सोनमोहर आज चौथ्या मजल्याच्या वर गेले आहेत. २०२१ मध्ये वृक्षसंरक्षण कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘हेरिटेज’ ठरतं, म्हणजे या वसाहतींच्या जन्मापासूनचं प्रत्येक झाड त्या व्याख्येत बसतं.

राहण्याचं सुख याच आखणीतून येतं. मूल शाळेत चालत जातं. भाजी, दूध, इस्त्रीवाला, डॉक्टर हाकेच्या अंतरावर. स्टेशन जवळ, आणि चेंबूरसारख्या ठिकाणी २०१३चा पूर्व मुक्तमार्ग झाल्यापासून दक्षिण मुंबईही जवळ आली. वाचनालय, व्यायामशाळा, गणेशोत्सव मंडळ, महिला मंडळ यांची घडी दोन पिढ्यांपूर्वी बसलेली असते आणि नव्याने आलेलं कुटुंब वर्षा-दोन वर्षांत त्यात सामावून जातं. पन्नास किलोमीटर लांबच्या टॉवरमध्ये क्लब हाउस मिळेल, पण रात्री अकराला औषध आणून देणारं शेजारघर उभं राहायला फार वर्षं लागतात. मला हा फायदा चौरस फुटांपेक्षा मोठा वाटतो आणि घराच्या हिशेबात तो कुणी धरत नाही याचं वाईट वाटतं.

त्रासही खरे आहेत. लिफ्ट नाही. गुडघे गेलेल्या आजी-आजोबांना तिसरा मजला म्हणजे नजरकैद. बांधताना कुणाकडे गाडी नव्हती, आता प्रत्येकाकडे आहे, आणि पार्किंगवरून सख्ख्या शेजाऱ्यांची बोलचाल बंद होते. बीडाचे जुने पाइप गळतात, वरच्यांच्या मोरीचं पाणी खालच्यांच्या छतावर उतरतं. चेंबूर-माहुलच्या पट्ट्यात १९५०च्या दशकापासून रिफायनऱ्या आहेत, तेव्हा तिथे घर बघायला दुपारी जाऊन भागत नाही. रात्री आणि पहाटेही जाऊन हवा कशी आहे ते बघावं.

तळमजल्याचं घर बघत असाल तर एक गोष्ट पायानेच कळते. गेल्या साठ वर्षांत रस्त्यावर डांबराचे आणि काँक्रीटचे थर चढत गेले, इमारत होती तिथेच राहिली. बांधताना रस्त्यावरून दोन-तीन पायऱ्या चढून आत जावं लागे, आता कित्येक ठिकाणी गेटातून आत येताना एक पायरी उतरावी लागते. पावसाळ्यात पाणी कुठे जाणार हे त्या एका पायरीत दिसतं. कुर्ल्याचं नेहरूनगर, कलिना, मिठी नदीच्या आजूबाजूचा भाग, इथे २६ जुलै २००५च्या पुरात पाणी भिंतीवर कुठवर चढलं होतं हे जुन्या शेजाऱ्याला विचारावं. तो हात लावून दाखवतो.

आता इमारतीच्या प्रकृतीबद्दल. जितकी जुनी तितकी धोकादायक, हा समज सरसकट खरा नाही. पन्नास-साठच्या दशकातल्या कित्येक इमारती जाड विटांच्या भारवाही भिंतींच्या आहेत, किंवा त्यांच्या काँक्रीटमध्ये गुळगुळीत गोल सळया आहेत. पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकांत पीळ दिलेल्या ‘टॉर’ सळयांचा जमाना आला. त्या ताकदीला चांगल्या, पण समुद्राकाठच्या हवेत लवकर गंजतात असा दुरुस्तीच्या कामातल्या इंजिनिअरांचा अनुभव आहे. म्हणून १९५८ची इमारत उभी आणि शेजारची १९८२ची टेकूंवर, हे दृश्य मुंबईत दुर्मिळ नाही.

मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार तीस वर्षांपुढच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. घर बघायला गेल्यावर पहिला कागद हाच मागावा. अहवालाच्या शेवटी वर्ग लिहिलेला असतो. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे लोक राहत असताना करता येण्याजोगी दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. पण नुसता वर्ग वाचून थांबू नये. पुनर्विकासाची घाई झालेल्या गटाने सी-१ आणायचा आणि विरोधकांनी सी-२बी, असे वाद बऱ्याच सोसायट्यांत होतात. दोन अहवाल परस्परविरोधी निघाले तर महापालिकेची तांत्रिक सल्लागार समिती निकाल देते. अहवालात चाचण्यांचे आकडे आहेत का ते बघावं: काँक्रीटचा एकसंधपणा सांगणारी अल्ट्रासॉनिक चाचणी, सळयांना गंज लागल्याची शक्यता सांगणारी हाफ-सेल, कापून काढलेल्या कोअरची ताकद. आकड्यांविना नुसते फोटो असलेल्या अहवालावर भिस्त ठेवू नये.

आपल्या डोळ्यांनी आणि कानांनीही बरंच कळतं. ओळखीचा एखादा इंजिनिअर बरोबर घेऊन गच्चीवर आणि जिन्याखाली जावं. तुळईवर छोट्या हातोडीने ठोकलं की निरोगी काँक्रीट टणटणतं. आतला थर सुटला असेल तर आवाज भद्द येतो, आणि अजून जरा ठोकलं तर पोपडा निघून मागे तांबडी, फुगलेली सळई दिसते. घरातलं नवं फॉल्स सीलिंग असं खूप काही झाकतं. ते एका कोपऱ्यात उघडून दाखवायला सांगावं आणि मालक कां-कूं करायला लागला तर काय समजायचं ते समजावं.

कागदांचं प्रकरण मात्र सर्वांत गुंतागुंतीचं, आणि माझ्या मते माणसं फसतात ती इथेच.

बोर्डाच्या खोल्या आधी भाड्याने होत्या. पुढे त्या राहणाऱ्यांना विकल्या गेल्या आणि इमारतीखालची जमीन सोसायटीला भाडेपट्ट्याने मिळाली. आज जमिनीची मालकी म्हाडाकडे, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाकडे आहे. १९७६च्या कायद्यानंतर जुनी मंडळं तिच्यात विलीन झाली. म्हाडाच्या अशा वसाहती मुंबईत शंभराहून अधिक आहेत. त्यामुळे खोली विकणाऱ्याकडे मूळ अलॉटमेंट लेटर हवं आणि तिथून त्याच्यापर्यंतची प्रत्येक विक्री म्हाडाच्या दप्तरी चढलेली हवी. वर्षानुवर्षं लोकांनी साध्या स्टॅम्पपेपरवर, मुखत्यारपत्रावर खोल्या दिल्या-घेतल्या. अशी साखळी तुटलेली असेल तर नियमितीकरणाचा खर्च कोण करणार हे करारातच लिहून घ्यावं. सोसायटीला जमिनीचा भाडेपट्टा खरोखर झालाय का, त्याची मुदत किती उरली, भुईभाडं थकलंय का, हेही बघावं. कित्येक इमारतींचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) आजही झालेलं नाही.

खासगी बिल्डरने बांधलेल्या सोसायटीत त्रास वेगळा. फ्लॅट विकून बिल्डर मोकळा झाला आणि जमीन त्याच्याच किंवा मूळ मालकाच्या नावावर राहिली. यावर २००८च्या मोफा दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची सोय केली: बिल्डर सही देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून जमीन सोसायटीच्या नावे करून घेता येते. सोय होऊन इतकी वर्षं झाली तरी खूप सोसायट्यांनी ते केलेलं नाही. सिटी सर्व्हे ऑफिसमधून मिळकत पत्रिका काढली की मालकाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते लगेच कळतं. तिथे सोसायटीचं नाव नसेल तर पुनर्विकासाच्या सगळ्या गप्पा हवेतल्या.

पागडीच्या जागांबद्दल एवढंच, की त्यात तुम्ही भाडेकरू होता, मालक नाही. हे पचत असेल तरच तिकडे वळावं.

मग येतो शेअर सर्टिफिकेटचा कागद. जाड, पिवळा पडलेला, वर सोसायटीचा शिक्का, ‘पाच शेअर, प्रत्येकी रुपये ५०’. खरा इतिहास मागच्या बाजूला असतो. तिथे हस्तांतरणाचे रकाने असतात: तारीख, कुणाकडून, कुणाकडे, सेक्रेटरीची सही. साठ वर्षांत दोन-तीन नावं असतील तर कागद बोलका. पहिल्याच नावावर थांबलेला असेल आणि ते गृहस्थ जाऊन वीस वर्षं झाली असतील, तर आपल्यासमोर बसलेला विकणारा बहुधा नॉमिनी आहे. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. तो वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर सहकार कायदाही त्याला तात्पुरता सभासद मानतो. बहीण अमेरिकेत, धाकटा भाऊ नाशिकला, त्यांची हक्कसोडपत्रं नोंदवली गेलीत का? या वसाहतींतली पहिली पिढी संपत आली असल्याने आज जुन्या घरांच्या व्यवहारांत हा प्रश्न जागोजाग येतो. एका बहिणीची सही राहिली म्हणून टोकन दिलेला व्यवहार वर्षभर लोंबकळलेला मी पाहिलाय.

बाकीचे खर्च ठरलेले आहेत. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभार धरून ६ टक्के, खरेदी स्त्रीच्या नावे असेल तर एक टक्का सवलत, नोंदणी फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये. सोसायटीला हस्तांतरण शुल्क २५,००० रुपयांहून जास्त घेता येत नाही. ‘बिल्डिंग फंड’ किंवा ‘देणगी’ म्हणून त्यावर लाखात मागणी झाली तर पावती मागावी. बँका इमारतीचं वय बघून कर्जाची मुदत कमी करतात, कधी कर्जच नाकारतात. म्हणून टोकन देण्याआधी बँकेत जावं.

आता ज्या गोष्टीसाठी भाव चढलेत त्या पुनर्विकासाकडे. उपनगरात मूळ एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, १ आहे. म्हाडाच्या वसाहतींना विकास नियमावलीच्या कलम ३३(५)खाली ३, आणि रुंद रस्त्यावरच्या मोठ्या भूखंडांना ४ पर्यंत मिळतो. खासगी सोसायट्यांना टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क), प्रीमियम, फंजिबल अशा वाढीव एफएसआयची जोडाजोड करून वाढीव बांधकाम मिळतं. दोनशे फुटांच्या खोलीच्या जागी दुप्पट-अडीचपट घर कुठून येतं, त्याचं उत्तर हेच: वरचे मजले विकून बिल्डर खर्च आणि नफा काढतो. म्हणजे वरचे मजले बांधता येत असतील आणि विकले जात असतील, तरच गणित जमतं. पार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपरच्या काही भागांत विमानतळामुळे उंचीवर मर्यादा आहे. अंधेरीच्या डी. एन. नगर-जुहू परिसरात लष्कराच्या संदेशकेंद्रामुळे आहे. तिथे एफएसआय कागदावर कितीही असो, तो वापरायला आकाश नाही. एजंट हे सांगत नाही.

दुसरी अट माणसांची. सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या २००९च्या निर्देशांत पुनर्विकासासाठी तीन चतुर्थांश संमती लागायची. २०१९ मध्ये ती ५१ टक्क्यांवर आली. त्यामुळे गाडी सुरू होणं सोपं झालं, पण भांडणं संपलेली नाहीत. पाच वर्षं ‘रिडेव्हलपमेंट चालूच आहे’ असं ऐकू येत असेल तर गेल्या तीन वार्षिक सभांची इतिवृत्तं मागून वाचावीत. पीएमसी, म्हणजे प्रकल्प सल्लागार, नेमली का, निविदा निघाली का, कुठे अडलं, हे त्यांत लिहिलेलं असतं.

आणि सुरू झालेलं काम थांबलं तर काय होतं, याचं उत्तर गोरेगावच्या सिद्धार्थनगरने, पत्रा चाळीने, दिलं आहे. ६७२ कुटुंबं, ४७ एकर जमीन, २००८चा करार. घरं रिकामी झाली, पाडली गेली, काम रखडलं, बिल्डरकडून मिळणारं पर्यायी घराचं भाडं बंद झालं. शेवटी म्हाडाला प्रकल्प ताब्यात घ्यावा लागला. हक्काच्या घराची वाट बघण्यात दीड दशकाहून अधिक काळ गेला आणि कित्येक जण त्याआधीच गेले. म्हणून बँक गॅरंटी, भाड्याचे आगाऊ धनादेश आणि नोंदणीकृत करार हातात आल्याशिवाय कुणीही किल्ली देऊ नये. करार झाल्यानंतर जागा घेणाऱ्याने तर भाडं, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारा निधी) आणि वाढीव जागा कुणाकडे जाणार हे स्वतंत्रपणे लिहून घ्यावं. सभासदांनी स्वतःच कर्ज काढून इमारत बांधायची, हा स्वयंपुनर्विकासाचा मार्ग २०१९च्या शासननिर्णयाने सवलती देऊन खुला केला आणि मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक त्यासाठी कर्ज देते. नफा सभासदांकडेच राहतो, पण त्यासाठी वेळ देणारी, हिशेब उघडा ठेवणारी पाच-सात माणसं सोसायटीत लागतात. ती असतील तर मला हाच मार्ग सर्वांत चांगला वाटतो.

पूर्ण वसाहत एकत्र विकसित करायची की इमारत-इमारत, हा वाद गोरेगावच्या मोतीलालनगरमध्ये बराच गाजला. तिथे सुमारे १४३ एकरांचा एकत्रित प्रकल्प म्हाडाने हाती घेतला आहे. सुट्या इमारतींच्या पुनर्विकासात घर लवकर मिळतं, पण प्रत्येक सोसायटी आपल्याभोवतीचा ‘टिटबिट’, म्हणजे उरलासुरला, तुकडा जोडून घेते, पोडियम कुंपणाला भिडतो, आणि सगळ्यांचं म्हणून जे मैदान, ज्या वाटा होत्या, त्या कुणाच्याच राहत नाहीत. एकत्रित प्रकल्पात मोकळी जागा आखता येते, पण हजारो कुटुंबं एकाच निर्णयात अडकतात. मला दोन्हींत खोट दिसते. तरी ज्या आखणीमुळे ही घरं राहण्याजोगी झाली, तीच पुनर्विकासात पहिली बळी जाते, हे उघड बोललं पाहिजे. विकत घेणाऱ्याने मंजूर लेआउटचा नकाशा बघून मैदान, शाळा आणि रस्ते कुठल्या आरक्षणात आहेत ते तपासावं.

टॉवर झाल्यावरचा प्रश्न कमी चर्चेत असतो. लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, यांत्रिक पार्किंग, सुरक्षारक्षक, वाढलेला मालमत्ता कर. पेन्शनवर जगणाऱ्या, काही शे रुपयांत मेंटेनन्स भरलेल्या कुटुंबाला महिन्याला काही हजारांचं बिल येऊ लागतं. मग नवं घर विकून लोक डोंबिवली-विरारकडे निघतात आणि ज्यांच्यासाठी वसाहत बांधली होती तेच तिच्यातून बाहेर पडतात. याला एक उपाय आहे. बिल्डरकडून मिळणारा कॉर्पस घरटी वाटून टाकण्याऐवजी मोठा हिस्सा सोसायटीच्या नावे ठेवीत ठेवला, तर व्याजातून मेंटेनन्सचा बराच भार निघतो. हा ठराव विकास करारावर सह्या होण्याआधी सर्वसाधारण सभेत मांडावा लागतो. नंतर पैसे वाटून झाले की तो मांडून उपयोग नसतो, आणि नव्याने सभासद झालेल्यालाही तो मांडण्याचा हक्क जुन्यांइतकाच असतो.